हौद्याला लायनर मारण्याआधी गंज समजून घ्या

पिकअपच्या हौद्यातली, म्हणजे माल भरायच्या मागच्या भागातली, रबराची मॅट दोन वर्षं कोणी उचलली नव्हती. टोमॅटोचा सीझन संपला, पिंपळगाव बसवंतच्या मार्केटच्या खेपा थांबल्या, म्हणून पिकअप धुवायला काढली. मॅटचं एक टोक धरून ओढलं तर तिच्यासोबत पत्र्याचे पोपडेच उठून आले. खाली तपकिरी चिखल, त्यात टोमॅटोच्या बिया, कांद्याची टरफलं आणि खताचे विरघळत आलेले खडे. मागच्या चाकाच्या वरच्या कोपऱ्यात मी बोट दाबलं, तर ते पत्र्यातून आरपार गेलं आणि खालच्या टायरला टेकलं.

वडील शेजारीच उभे होते. म्हणाले, "ते काळं लायनर मिळतं ना, ते मारून टाक घरच्या घरी. गंज दबून जाईल."

ही २०१७ ची गोष्ट. गाडी २००८ ची. त्यांच्या सांगण्यात वावगं काहीच नव्हतं, कारण मलाही तसंच वाटत होतं. तारेच्या ब्रशने हौदा घासला, पाण्याचा फवारा मारला, उन्हात वाळवला आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात, पाऊस यायच्या आत उरकावं म्हणून घाईघाईने लायनर, म्हणजे पत्र्याला चिकटून बसणारा जाड थर, मारून घेतलं. दिसायला इतकं सुंदर झालं की शेजारच्या दोघांनी डब्याचं नाव लिहून नेलं. दिवाळीपर्यंत त्यावर रुपयाएवढे फुगे आले. एक फुगा ब्लेडने कापला, तर आतून तपकिरी पाणी ओघळलं, आणि खालचा पत्रा आधीपेक्षा जास्त खाल्लेला होता.

तेव्हापासून मी हा विषय मुळातून समजून घेतला. पुढच्या फेब्रुवारीत तेच काम पुन्हा केलं, आणि ते आजही टिकून आहे. त्या दोन कामांमध्ये नेमका काय फरक होता, ते इथे मांडतोय. आपल्याकडे जुनी पिकअप, छोटा टेम्पो, ट्रॅक्टरची ट्रॉली घरोघरी आहे, आणि लायनरचा डबा आता घरबसल्या मागवता येतो. पण लायनर हे झाकण आहे, औषध नव्हे. झाकणाच्या आत जे राहील तेच पुढे वाढणार.

थेंबाखाली काय चालतं

लोखंड खाणीतून निघतं तेव्हा ते बहुतेक ऑक्साइडच असतं. भट्टीत प्रचंड उष्णता देऊन त्यातला ऑक्सिजन काढला जातो. पाणी आणि हवा एकत्र मिळाली की लोखंड तो ऑक्सिजन परत धरतं. यालाच आपण गंज म्हणतो. पण हे सगळीकडे सारखं होत नाही, आणि खरी मेख तिथेच आहे.

घासून चकचकीत केलेल्या पत्र्याच्या तुकड्यावर मिठाच्या पाण्याचा एक थेंब ठेवा आणि काही तासांनी भिंगातून बघा. थेंबाच्या कडेला हवा जवळ असते, म्हणून तिथे ऑक्सिजन भरपूर. मधोमध पाण्याची जाडी जास्त, तिथे ऑक्सिजन कमी पोचतो. मग मधलं लोखंड विरघळायला लागतं आणि इलेक्ट्रॉन सोडतं. ते इलेक्ट्रॉन पत्र्यातून कडेपर्यंत जातात आणि तिथला ऑक्सिजन ते घेतो. ही एक बारकी बॅटरीच झाली. गंजाचं तपकिरी कडं थेंबाच्या मधल्या भागाभोवती उमटतं, पण पुसून पाहिलं की खड्डा कड्याखाली नसतो, तो थेंबाच्या मध्यभागी असतो. म्हणजे जिथे हवा सर्वांत कमी, तिथेच पत्रा सर्वांत जास्त खाल्ला जातो.

हे कळलं आणि मॅटखालचा कोपरा का सडला ते उलगडलं. वरच्या उघड्या फाळक्यावर, म्हणजे हौद्याच्या बाजूच्या पत्र्यावर, नुसता लालसर थर होता, तो हाताने पुसला जात होता. मॅटखाली, दोन पत्र्यांच्या जोडात, चिखल अडकलेल्या खाचेत मात्र भगदाड. ओल होती आणि हवा जेमतेम.

दुसरी गोष्ट गंजाच्या पोताची. ॲल्युमिनियमवरही ऑक्साइड धरतं, पण ते पातळ आणि घट्ट असतं, खालच्या धातूला तेच राखतं. लोखंडाचा गंज मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जागा व्यापतो, त्यामुळे तो फुगतो, सुटतो आणि स्पंजासारखा पाणी धरून ठेवतो. रंगाखाली हे सुरू झालं की रंग आतून उचलला जातो.

आपल्या हौद्यात काय काय सांडतं

समुद्रकाठच्या गाड्या खाऱ्या हवेने गंजतात. नाशिक समुद्रापासून लांब, म्हणून आपण निर्धास्त असतो. पण आपल्या पिकअपच्या हौद्यात वर्षभर काय काय सांडतं ते एकदा आठवा.

पोटॅशच्या गोण्या. म्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, आणि त्याच्या वजनात जवळजवळ निम्मा वाटा क्लोराइडचा. मिठात लोखंडाचा जो शत्रू आहे तोच हा. गोणीच्या शिवणीतून सांडलेले चार खडे हौद्याच्या पन्हळीत अडकतात, रात्रीच्या दवात विरघळतात, आणि दुपारी वाळून पुन्हा तिथेच बसतात. टोमॅटोचा रस आंबट, चिरडलेल्या द्राक्षाचा रस आंबट, आणि आंबट पाण्यात लोखंड लवकर विरघळतं. वाशीला किंवा न्हावाशेवाला फेऱ्या असतील तर खाडीची हवाही लागतेच.

सगळ्यांत वाईट मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट. ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षावरच्या डावणी रोगासाठी मोरचूद-चुन्याचं बोर्डो मिश्रण करणाऱ्या बागायतदाराला सांगावं लागत नाही की मोरचूद लोखंडी बादलीत भिजवायचं नाही. कारण शाळेत केलेल्या प्रयोगातच आहे. मोरचुदाच्या निळ्या पाण्यात खिळा टाकला की तो तांबूस होतो, म्हणजे तांबं खिळ्यावर बसतं आणि तेवढं लोखंड पाण्यात जातं. पण बादलीबद्दल पाळलेला नियम आपण हौद्याला लावत नाही. ड्रम डचमळून सांडलेलं मोरचुदाचं पाणी पत्र्यावर हेच करतं, आणि वर मागे राहिलेले तांब्याचे कण त्या बारक्या बॅटरीचं दुसरं टोक बनून बसतात. पाणी वाळलं तरी पुढच्या ओलीला काम पुन्हा सुरू होतं. पत्र्यावर तांबूस-गुलाबी झाक दिसली तर ती घासून पूर्ण काढावी लागते, नुसत्या धुण्याने जात नाही.

फुगे का आले

माझ्या पहिल्या लायनरखाली पाणी आलं कुठून, याचा मी बरेच दिवस विचार करत होतो. वरून कुठेही चीर नव्हती.

कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवलं की थोड्या वेळाने त्यांना पाणी सुटतं. मीठ ज्या बाजूला, त्या बाजूला पाणी ओढलं जातं. कुठलाही रंग, कितीही जाड असला तरी, काचेसारखा बंद नसतो. पाण्याची वाफ त्यातून अगदी सावकाश आरपार जाते. एरवी तेवढ्याने काही बिघडत नाही. पण लायनरखाली खताचं मीठ राहिलं असेल तर ते बाहेरची ओल आत ओढत राहतं. वर पावसाचं पाणी साचलेलं, खाली मीठ, मध्ये पातळ पडदा. चार महिने पाऊस पडला आणि फुगे धरले. तारेच्या ब्रशने मी गंजाचा वरचा थर काढला होता खरा, पण खड्ड्यांमधला गंज त्या ब्रशने घासून फक्त गुळगुळीत आणि चमकदार केला होता. मीठ तिथेच दडून होतं. ब्रशने घासलेला पत्रा चमकतो, म्हणून साफ वाटतो. मी तिथेच फसलो.

लायनर म्हणजे नेमकं काय

ही कल्पना अमेरिकेतली. तिथल्या पिकअप ट्रकच्या हौद्यात आधी प्लॅस्टिकचं तयार खोकं बसवायचे. त्याच्या आणि पत्र्याच्या फटीत पाणी शिरायचं आणि पत्रा आतून सडायचा, आपल्या मॅटसारखंच. मग पत्र्यालाच चिकटून बसणारा थर फवारायची पद्धत आली. ऱ्हायनो लायनिंग्ज, लाइन-एक्स ही नावं १९८०-९० च्या दशकांत त्यातून पुढे आली.

वर्कशॉपमध्ये फवारतात ते पॉलियुरेथेन किंवा पॉलियुरिया. दोन रसायनं तापवून मोठ्या दाबाने बंदुकीच्या टोकाशीच एकत्र केली जातात, काही सेकंदांत थर घट्ट होतो, आणि जाडी दोन-तीन मिलिमीटरपर्यंत जाते. घरी आपण जे मारतो ते त्याच घराण्यातलं, पण थंड आणि पातळ. दोन-तीन हात मारून अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडी मिळते. त्यातही दोन जाती आहेत. एक, एकाच डब्यात मिळणारं, हवेतली ओल घेऊन वाळणारं, बहुतेक वेळा त्यात रबराचा चुरा असतो. दुसरं, दोन डब्यांचं, ज्यात हार्डनर ठरलेल्या प्रमाणात मिसळायचा. मिसळल्यावर तासाभराच्या आसपास हाताशी वेळ राहतो, नंतर डब्यातच घट्ट होतं. जुन्या गाडीसाठी मी दोन डब्यांचंच घेईन. ते जास्त कडक आणि घट्ट धरतं, डिझेल-ऑइल सांडलं तरी मऊ पडत नाही.

डब्यावर आणखी एक शब्द शोधा, ॲलिफॅटिक. हे उन्हात टिकतं. ॲरोमॅटिक प्रकार स्वस्त असतो, पण आपल्या उन्हात फिका पडतो, वर पांढरट भुकटी धरतो. गाडी शेडमध्ये राहत असेल तर चालेल, बांधावर उभी राहत असेल तर थोडे जास्त पैसे घालावेत.

किती लागेल याचा हिशेब सोपा आहे, तरी लोक इथे चुकतात. एक लिटर रंग एक चौरस मीटरवर पसरला तर एक मिलिमीटर ओला थर होतो. आठ फूट बाय साडेपाच फुटांचा हौदा, सव्वा फुटाचे फाळके, पन्हळी धरून साधारण आठ चौरस मीटर पृष्ठभाग भरतो. वाळून अर्धा मिलिमीटर हवा. डब्यावर घन भाग, म्हणजे वाळल्यावर मागे उरणारा वाटा, लिहिलेला असतो, तो समजा ६० टक्के. म्हणजे ओला थर ०.८ मिलिमीटरहून थोडा जास्त लागेल, आणि आठ चौरस मीटरला पावणेसात लिटरच्या आसपास. चार लिटरच्या डब्यात एवढा हौदा होतो खरा, पण निम्म्याहून थोड्या जास्त जाडीचा. पहिल्या वेळी माझं हेही चुकलं होतं.

आधी ठोकून बघा

नाशिकच्या द्वारका भागातल्या एका जुन्या डेंटरकडे, म्हणजे पत्र्याचं काम करणाऱ्याकडे, मी दुसऱ्यांदा गाडी नेली. वयस्कर माणूस, सगळे त्यांना चाचा म्हणतात. त्यांनी ग्राइंडरला हातही लावला नाही. स्क्रू ड्रायव्हर उलटा धरला आणि त्याच्या मुठीने हौदाभर ठोकत गेले. चांगला पत्रा टणटण वाजतो. सडलेला ठप्प. ठप्प आवाज आला की खडूने गोल काढायचे. दहा मिनिटांत हौद्यात अकरा गोल झाले, त्यातले चार असे की वरून रंग शाबूत दिसत होता.

"भाऊ, हे गोल कापून नवा पत्रा घाला, मग काय लावायचं ते लावा," ते म्हणाले. "लांबी, ती पुट्टी, भरून देऊ नका कोणाला. लांबी ओल पिते."

हे शब्दशः पाळा. भगदाडावर लांबी किंवा फायबर लावून वर लायनर मारलं तर वर्षभर छान दिसतं आणि मग वजनाखाली पूर्ण तुकडाच बसतो. सडका भाग चांगला पत्रा लागेपर्यंत कापायचा, त्याच जाडीचा तुकडा वेल्ड करायचा. वेल्डिंगच्या आधी बॅटरीची तार सोडायची, डिझेलची टाकी आणि पाइप कुठून जातात ते बघायचं. गोल दहा-बारा असतील तर ठिगळं लावणं परवडतं. अर्ध्या तळाला खडू लागला तर तळाचा पत्राच बदला, चेकर प्लेट, म्हणजे उठावदार नक्षीचा पत्रा, टाका. आणि चेसिसवरच, म्हणजे ज्यावर सगळं वजन असतं त्या लांब बीमवर, ठप्प आवाज आला तर लायनरचा विषय तिथेच थांबवा. ते काम जाणत्या माणसाचं आहे, आणि त्यावर काळा थर देऊन ते लपवणं जिवाशी खेळ आहे.

साफ म्हणजे किती साफ

कामाचा वेळ इथे जातो. माझे तीन दिवस गेले, लायनर मारायला अर्धा दिवस लागला.

आधी धुणं, आणि ते घासण्याच्याही आधी. भांड्याच्या साबणाच्या कोमट पाण्याने, मग साध्या पाण्याने, पन्हळीच्या प्रत्येक खाचेतून, दोन-तीन वेळा. आधी ग्राइंडर चालवला तर तेल आणि मीठ पत्र्याच्या ओरखड्यांत आणखी खोल रगडलं जातं. मग ग्राइंडरला फ्लॅप डिस्क लावून गंज चमकत्या धातूपर्यंत काढायचा. खड्ड्यांत डिस्क पोचत नाही, तिथे ऐंशी नंबरचा पेपर बोटाने, किंवा जवळ सोय असेल तर सँडब्लास्टिंग. अंबड-सातपूरकडे ब्लास्टिंग करणारे आहेत. हौदा सुटा करून नेता आला तर हा खर्च सगळ्यांत सार्थकी लागतो, कारण खड्ड्याच्या तळातलं मीठ खऱ्या अर्थाने तेवढंच काढतं. पातळ पत्रा मात्र जास्त दाबाने वाकतो, हे आधी बोलून घ्या.

तरीही काही खड्ड्यांत काळपट ठिपके राहतात. त्यासाठी फॉस्फरिक आम्लाचा रस्ट कन्व्हर्टर. उरलेल्या गंजाचं तो लोह फॉस्फेट करतो, ते काळसर आणि स्थिर असतं. पण सुट्ट्या पोपड्यांवर त्याचा उपयोग नाही, पातळ थरावरच होतो. आणि त्याचं ज्यादा आम्ल पत्र्यावर राहिलं तर वरचा इपॉक्सी प्रायमर नीट पक्का होत नाही. डब्यावर सांगितलं असेल तसं धुवून लगेच कोरडं करायचं. चांगल्या चमकत्या पत्र्यावर कन्व्हर्टर लावूच नये, तिथे थेट इपॉक्सी.

प्रायमर मारण्याआधी एक परीक्षा करा, हिला पैसा लागत नाही. तांब्याभर स्वच्छ पाणी हौद्याच्या एका टोकाकडून हळूच ओता आणि वाकून बघा. पाणी एकसंध चादरीसारखं पसरून तसंच राहिलं तर पत्रा साफ. मधेच फाटलं, थेंब-थेंब होऊन बाजूला सरकलं, तर तिथे तेल किंवा मेण आहे. माझ्या हौद्यात केबिनच्या मागच्या भिंतीपाशी वितभर जागेत पाणी थांबतच नव्हतं. डोळ्यांना काही दिसत नव्हतं, बोटालाही काही लागत नव्हतं. तिथे वर्षानुवर्षं ग्रीसचा डबा ठेवलेला असायचा. थिनरने तीनदा पुसलं, दर वेळी नवं फडकं घेऊन, तेव्हा कुठे पाणी टिकलं. जुनंच फडकं फिरवलं तर तेल नुसतं पसरतं.

मग दोन डब्यांचा इपॉक्सी प्रायमर, पूर्ण हौद्याला. नुसत्या रेड ऑक्साइड प्रायमरवर लायनर मारू नका. बाजारातलं साधं रेड ऑक्साइड लायनरच्या जोरदार थिनरने मऊ पडतं आणि सुरकुततं. प्रायमर वाळल्यावर पत्र्यांच्या सगळ्या जोडांत सीम सीलर दाबून भरायचा, कारण लायनर फटीवरून पूल बांधतं, फट भरत नाही. त्या पुलाखाली पाणी शिरतं. प्रायमर चकाकत असेल तर तो हलका घासून मंद करा, म्हणजे लायनरला पकड मिळते.

श्वासाचं बघा

इथे कुणीही हयगय करू नये, म्हणून वेगळं सांगतो. दोन डब्यांच्या लायनरच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. ते फुप्फुसात गेलं तर काही माणसांना कायमचा दमा जडतो, आणि एकदा शरीराने त्याचा धसका घेतला की नंतर अगदी थोड्या मात्रेनेही धाप लागते. त्याचा वास येईपर्यंत घातक मात्रा होऊन गेलेली असते, म्हणून वास नाही म्हणजे धोका नाही असं समजू नका. तोंडाला बांधलेला रुमाल किंवा धुळीचा मास्क वाफेला अडवत नाही. रसायनांच्या वाफेसाठीचे कार्बन कार्ट्रिज असलेला मास्क लागतो. फवारणी करायची तर बाहेरून हवा पुरवणारा मास्क हवा, तो घरी कुणाकडे नसतो.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे की घरी करताना फवारू नका, रोलर वापरा. फवाऱ्याने हवेत धुकं उडतं, रोलरने ते जवळजवळ उडत नाही. जाड स्पंजाच्या रोलरने खरखरीतपणा छान येतो, कोपऱ्यांत ब्रश. कार्ट्रिजचा मास्क तरीही घालायचाच, हातात नायट्रिलचे मोजे, डोळ्यांना चष्मा, काम उघड्यावर. ज्या अंगणात मुलं खेळतात, बाज टाकून कोणी झोपतं, तिथे हे काम करू नये.

दिवस कोणता

इगतपुरीत वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि सिन्नर-येवल्याकडे त्याच्या पाव भागाइतकाही नाही. पण पावसाळ्यात हवेतली ओल सगळीकडेच जास्त. आयसोसायनेट पाण्याशी भेटलं की कार्बन डायऑक्साइड वायू तयार होतो आणि थरात बुडबुडे राहतात. शिवाय पत्रा दवबिंदूपर्यंत, म्हणजे हवेतल्या वाफेचं पाणी व्हायला लागतं त्या तापमानापर्यंत, गार झाला की त्यावर न दिसणारी ओल धरते. नियम असा की पत्रा दवबिंदूपेक्षा किमान तीन अंश गरम हवा. तीस अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू २६ च्या आसपास येतो, म्हणजे पत्रा २९ च्या वर असायला हवा, आणि सावलीतला जाड लोखंडी हौदा अशा सकाळी त्याहून गार असू शकतो. जूनच्या पहिल्या आठवड्यात मी नेमकं हेच केलं होतं.

डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा बातमीत येतो, सकाळी हौद्यावर दव साचलेलं असतं. त्या दिवसांत दुपारशिवाय काम नाही. मेमध्ये उन्हात पत्रा हात लावू देत नाही, वरचा थर आधी वाळून आतला ओला राहतो, आणि वाऱ्यासोबत येणारी धूळ ओल्या थरात बसते. फेब्रुवारीचा दुसरा पंधरवडा ते मार्च, सकाळी दहाच्या सुमारास सुरुवात, सावलीत. द्राक्षाच्या काढणीचे दिवस असतात, गाडी मोकळी मिळत नाही, हे मलाही माहीत आहे. तेवढे दिवस दुसऱ्याची गाडी भाड्याने घेणं परवडलं.

पहिला हात पातळ, प्रायमर झाकला जाण्यापुरता. तो बोटाला चिकटणार नाही इतका सुकला की दुसरा, आडवा. तिसरा फक्त तळाला आणि फाळक्याच्या कडांना, कारण माल घासतो तिथेच. दुसऱ्या दिवशी हलकं सामान ठेवता येतं, पण पूर्ण ताकद यायला आठवडा लागतो. तोवर कॅरेट ओढू नका. सुटा कांदा किंवा धान्य नेणार असाल तर खाली ताडपत्री हवीच, हा थर खाण्याच्या वस्तूला टेकण्यासाठी बनवलेला नाही. लासलगावला सुटा कांदा नेणाऱ्यांनी तळाला बारीक पोत ठेवावा. फार खरखरीत केलं तर घमेलं सरकत नाही आणि कांद्याची साल सोलवटते. कॅरेट नेणाऱ्यांना उलट जास्त पोत बरा, घाटात कॅरेट सरकत नाहीत.

कुठे मारू नये

चेसिसवर पंच केलेला नंबर आधी शोधून त्यावर टेप लावा. पासिंगला तो वाचता आला नाही तर आरटीओच्या दारात उभं राहून थर खरवडावा लागेल. मागच्या-बाजूच्या रिफ्लेक्टर पट्ट्या झाकू नका. बाहेरून पूर्ण बॉडी काळी करायचा मोह होतो, पण गाडीचा रंग बदलला तर आरसीवर नोंद करावी लागते. हौद्याच्या आतल्या बाजूला तो प्रश्न नाही.

खालच्या बाजूला, म्हणजे चेसिस, स्प्रिंगचे पाटे, ब्रेकचे पाइप यांना हे लायनर देऊ नका. नव्या गाडीचं एक वेळ सोडा. जुन्या गाडीच्या खालचे सगळे जोड, डब्यासारखे पोकळ बीम आतून साफ करताच येत नाहीत, आणि बाहेरून कडक थर दिला की आतली ओल आतच राहते. शिवाय पुढच्या वेळी गंज कुठवर आलाय ते दिसतही नाही. तिथे मऊ राहणारं, फटीत शिरणारं मेण किंवा लॅनोलिनचं (मेंढीच्या लोकरीतल्या तेलकट मेणाचं) कोटिंग बरं, दर वर्षी पावसाआधी पुन्हा मारायचं. जळकं ऑइल आणि डिझेल मिसळून मारायची जुनी रीत आहे. पत्र्याला ते काही दिवस राखतं हे खरं, पण रबराचे बुश फुगतात, आणि ते ऑइल ठिबकत ठिबकत शेवटी आपल्याच शेतात उतरतं. मी ते बंद केलं.

आणि हौद्याच्या तळाची भोकं. पाणी वाहून जायला ठेवलेली ही भोकं लायनर मारताना हमखास बुजतात. मी लाकडाच्या गोल खुंट्या तासून त्यांना ग्रीस लावून भोकांत घातल्या होत्या, थर अर्धवट सुकल्यावर फिरवून काढल्या. भोकाच्या आतल्या कडेला बारक्या ब्रशने प्रायमर आणि लायनर दोन्ही फिरवलं. पहिल्या वेळी सर्वांत आधी गंज फुटला होता तो याच कडांना.

आता मॅट घालत नाही. खताची खेप झाली की त्याच संध्याकाळी हौदा पाण्याने धुतो. पत्रा दिसेल असा ओरखडा आला तर त्याच आठवड्यात घासून, इपॉक्सीचा ठिपका देऊन वर लायनर लावतो. त्यासाठी कोरड्या जागी एक छोटा डबा न उघडता ठेवलेला असतो. जूनचा पहिला मोठा पाऊस झाला की गाडीखाली वाकून चारही भोकांतून धार पडते का ते बघतो. गेल्या वर्षी मागच्या डाव्या भोकातून पाणी येईना. तार घातली तर मार्चमधल्या द्राक्षाच्या घडाचा वाळका देठ निघाला, आणि त्याच्यामागून साचलेलं पाणी भसकन खाली आलं.